आचार्य धर्मानंद कोसंबी : ज्ञान घेऊन परतलेला प्रवासी

जून महिन्यात निवासी शाळेच्या फाटकाशी जे दृश्य दिसते, ते आम्ही पंचवीस वर्षांहून अधिक काळ पाहत आलो आहोत. पत्र्याची पेटी, अंथरुणाची वळकटी, नवा गणवेश घातलेले पोर आणि त्याला सोडून परतताना मागे वळून वळून पाहणारी आई. शिक्षणासाठी घर सोडणे म्हणजे काय, हे या फाटकाने जितके पाहिले तितके अन्य कोणी पाहिले नसेल. पालक आम्हांस विचारतात, आमचे मूल किती शिकेल? आमच्या मनात मात्र आणखी एक प्रश्न असतो. हे मूल शिकून जे मिळवील, ते घेऊन आपल्या माणसांकडे परत येईल काय?

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा हाच प्रश्न मनात ठेवून आम्ही आचार्य धर्मानंद कोसंबी यांची निवड केली. बाबासाहेबांचे, जोतिराव-सावित्रीबाईंचे चरित्र आपल्या घराघरांत वाचले जाते. कोसंबींचे नाव आपण ऐकतो, ‘भगवान बुद्ध’ हे त्यांचे पुस्तक कपाटात असते. परंतु त्या पुस्तकामागे पायी तुडविलेली किती वाट आहे, हे आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असते.

साखवाळचा मुलगा

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात, साखवाळ या गावी सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील दामोदर, आई आनंदीबाई. घरी माडांची बाग होती. तत्कालीन गोव्यात मराठी शिक्षणाची सोय तुटपुंजी होती आणि धर्मानंदांची प्रकृतीही नाजूक. शाळेचे शिक्षण असे त्यांचे फारसे झालेच नाही. पंधराव्या वर्षाच्या सुमारास बाळाबाईंशी विवाह झाला आणि बागेची व्यवस्था अंगावर पडली. माडांचे शिंपणे, नारळांचा हिशेब आणि कौटुंबिक विवंचना यांतच हे आयुष्य संपले असते.

ते संपले नाही, याचे कारण वाचन. ‘बालबोधमेवा’ नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धाविषयीचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. पुढे गोविंद नारायण काणे यांनी लिहिलेले मराठी बुद्धचरित्र हाती पडले. या वाचनाने त्यांचे मन व्यापून टाकले. ज्याचे चरित्र इतके विलक्षण, त्याचा धम्म मुळातून समजून घ्यावा, ही एकच तळमळ उरली. येथे आम्हांस हटकून आणखी एका विद्यार्थ्याची आठवण होते. पुढे काही वर्षांनी, १९०७ साली, मुंबईत मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या भीमरावास कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले मराठी बुद्धचरित्र भेट दिले. दोघांचीही बुद्धाशी पहिली ओळख मराठी पुस्तकाने करून दिली. म्हणून शाळेच्या ग्रंथालयात नवे पुस्तक दाखल होते, तेव्हा आम्ही ते किरकोळ घटना मानीत नाही.

गुरूच्या शोधात

१८९९ च्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. जवळ पैसा नव्हता, पदवी नव्हती, इंग्रजीही बेताचेच. होती ती एक सवय : ज्याला ठाऊक आहे त्याच्यापुढे जाऊन बसावे आणि विचारावे. पुण्यात ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले आणि त्यांच्या आश्रयाने काही काळ राहून संस्कृत शिकू लागले. बौद्ध ग्रंथ समजून घ्यायचे तर संस्कृत पक्के हवे, म्हणून ग्वाल्हेरमार्गे काशीस पोहोचले. काशीत अन्नछत्रातील जेवणावर त्यांनी दिवस काढले आणि व्याकरणाचे अध्ययन केले. परीक्षा, प्रमाणपत्र, नोकरी यांपैकी काहीही समोर नसताना केवळ जाणण्यासाठी केलेला हा अभ्यास होता.

बुद्धाच्या जन्मभूमीकडील प्रदेशात धम्म जिवंत असेल, या आशेने १९०२ साली ते नेपाळात गेले. हिमालयाच्या पायथ्याची ती अवघड वाट तुडवून काठमांडूस पोहोचल्यावर त्यांची निराशा झाली. त्यांना हवा होता तो धम्म तेथे नव्हता. दुसरा एखादा तेथूनच घरी परतला असता. धर्मानंद बुद्धगयेला गेले. तेथे एका भिक्षूकडून त्यांना कळले, की धम्म शिकायचा तर सिंहलद्वीपात जावे. कलकत्त्याच्या महाबोधी सभेने साहाय्य केले आणि ते कोलंबोस पोहोचले.

कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात महास्थविर सुमंगलाचार्य हे त्या काळचे श्रेष्ठ पाली पंडित अध्यापन करीत. त्यांच्या हाताखाली धर्मानंदांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पाली भाषेच्या अध्ययनास आरंभ केला. तेथील अन्न सोसेना, प्रकृती ढासळली. अभ्यास मात्र थांबला नाही. पुढे मद्रासमध्ये प्रा. लक्ष्मी नरसू यांचा सहवास लाभला. याच नरसूंचा बौद्ध धम्मावरील इंग्रजी ग्रंथ बाबासाहेबांनी १९४८ साली प्रस्तावना लिहून पुनःप्रकाशित करविला, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. मद्रासहून धर्मानंद ब्रह्मदेशात गेले. तेथे जर्मन भिक्षू ज्ञानतिलोक यांच्यासह त्यांनी सगाईंगच्या डोंगरातील गुहेत ध्यानाभ्यास केला. मधल्या काळात भारतात येऊन कुशिनारा, सारनाथ, राजगृह अशा बुद्धचरणांनी पावन झालेल्या स्थळी भिक्षूच्या वेषात हिंडले. हातात भिक्षापात्र, रात्री मिळेल तेथे निवारा. असा सात वर्षांचा हा विद्यार्थिकाल. त्याचे वर्णन त्यांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात केले आहे. १९२४ साली पुस्तकरूपाने आलेले हे आत्मचरित्र मोठ्या वर्गांतील प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे, असा आमचा आग्रह असतो.

अडीचशे आणि पन्नास

१९०६ साली धर्मानंद कलकत्त्यास आले. चीवर उतरवून त्यांनी अध्यापन स्वीकारले. राष्ट्रीय महाविद्यालयात आणि पुढे कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. ज्याला शाळेचे शिक्षणही पुरते मिळाले नव्हते, तो विद्यापीठाचा अध्यापक झाला. कुलगुरू आशुतोष मुखर्जी त्यांना सोडावयास तयार नव्हते. तेथे राहिल्यास दरमहा २५० रुपये वेतन मिळेल, अशी व्यवस्था होत होती.

याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याशी त्यांची भेट झाली. विद्वानाला ओळखण्याची महाराजांची दृष्टी आपण जाणतोच. भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठविणारे तेच. महाराजांनी धर्मानंदांना तीन वर्षांसाठी दरमहा ५० रुपये देऊ केले. अट अशी, की त्यांनी महाराष्ट्रात राहावे आणि दरवर्षी एक ग्रंथ लिहून द्यावा.

एकीकडे २५०, दुसरीकडे ५०. घरी पत्नी, मुलगी आणि नुकताच जन्मलेला मुलगा. धर्मानंदांनी पन्नास रुपये स्वीकारले. बौद्ध धम्माचे जे ज्ञान आपण दारोदार हिंडून मिळविले, ते आपल्या मातृभाषेत, आपल्या लोकांपर्यंत पोहोचले पाहिजे, हा त्यामागील विचार होता. आम्हांस वाटते, त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठा क्षण हाच.

या निर्णयाची फळे आपण आजही चाखीत आहोत. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’, ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘समाधिमार्ग’, ‘बौद्धसंघाचा परिचय’ आणि अखेरीस १९४०-४१ मधील ‘भगवान बुद्ध’, असे ग्रंथ त्यांनी मूळ पाली वाङ्मयाच्या आधारे मराठीत लिहिले. भांडारकरांच्या साहाय्याने मुंबई विद्यापीठात पालीच्या अभ्यासाला स्थान मिळवून दिले. १९१२ पासून काही वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक होते. पु. वि. बापट, ना. के. भागवत यांच्यासारखे पालीचे अभ्यासक त्यांच्या परंपरेत घडले.

सातासमुद्रापार

मध्यंतरी, १९१० साली, हार्वर्ड विद्यापीठाचे प्रा. जेम्स वुड्स यांच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेस गेले. आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या महाग्रंथाची संशोधित आवृत्ती सिद्ध करण्याचे काम हेन्री क्लार्क वॉरन यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते, ते पुढे न्यावयाचे होते. धर्मानंदांनी ते काम निष्ठेने केले. परंतु संपादनाचे श्रेय कोणाच्या नावे जावे, यावरून प्रा. लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला आणि ते परतले. पुढेही ते तीनदा अमेरिकेस गेले. ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत निघाली. हार्वर्डची आवृत्ती वॉरन यांच्या नावासह कोसंबींचे नाव धारण करून १९५० साली प्रसिद्ध झाली. तेव्हा ते हयात नव्हते. श्रमाचे श्रेय दुसऱ्याच्या नावे जाते तेव्हा काय वाटते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको. कोसंबींनी आपला हक्क सोडला नाही आणि रागाच्या भरात कामही टाकले नाही.

बाळाबाईंचे ऋण

इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांस येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. धर्मानंदांनी घर सोडले तेव्हा थोरली मुलगी माणिक तान्ही होती. पुढील सात वर्षे बाळाबाईंनी नातलगांच्या आधारावर, लोकांचे टोमणे सोशीत काढली. पती परतेल की भिक्षूच राहील, हेही त्यांना ठाऊक नव्हते. पुढेही संसाराचा भार बव्हंशी त्यांच्यावरच राहिला. धर्मानंदांच्या विद्वत्तेत या स्त्रीचा जो वाटा आहे, तो कोणत्याही ग्रंथाच्या मुखपृष्ठावर छापलेला नाही. रमाईंचे जीवन जाणणाऱ्या आपल्या वाचकांना यावर अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

धर्मानंदांनी आपली चूक काही अंशी भरून काढण्याचा यत्न केला, असे म्हणावे लागेल. १९१८ च्या अमेरिका प्रवासात त्यांनी माणिक आणि दामोदर या दोघांना शिक्षणासाठी सोबत नेले. मुलीला अमेरिकेत उच्च शिक्षण देणारा पिता त्या काळी विरळाच. दामोदर पुढे गणितज्ञ आणि प्राचीन भारताचे थोर इतिहासकार म्हणून जगास परिचित झाले. त्यांचे ग्रंथ आम्ही एम.ए.ला अभ्यासले आहेत.

परळचे बहुजन विहार

धर्मानंद गांधीजींच्या चळवळीत होते. गुजरात विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरून तुरुंगवास पत्करला. आंबेडकरी विचारांत वाढलेल्या आम्हांस त्यांची ही राजकीय वाट आपली वाटत नाही, आणि तसे म्हणण्यात अनादर नाही. परंतु १९३७ साली मुंबईच्या परळ भागात, गिरणी कामगारांच्या वस्तीत, जुगलकिशोर बिर्ला यांच्या देणगीतून ‘बहुजन विहार’ उभे राहिले, तेव्हा धर्मानंद तेथे येऊन राहिले. ज्या परळमधील दामोदर हॉलमधून बाबासाहेबांच्या चळवळीचे काम चाले, त्याच परळमध्ये हे विहार होते. १९३५ ची येवल्याची घोषणा तेव्हा ताजी होती. हार्वर्डमध्ये वावरलेला पंडित कष्टकऱ्यांच्या वस्तीत धम्म सांगत होता.

‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी परंपरेने चालत आलेल्या कथांची निर्भयपणे चिकित्सा केली. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने मध्यरात्री गुपचूप घर सोडले, ही कथा त्यांनी नाकारली. सर्वांत जुन्या सुत्तांत घरच्यांच्या डोळ्यांदेखत गृहत्याग केल्याचा उल्लेख आहे, हे दाखवून त्यांनी शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याकडे लक्ष वेधले. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण या पाण्याच्या तंट्यातच आहे. भिन्न वाटांनी चाललेले दोन प्रज्ञावंत चिकित्सेच्या बळावर येथे एकमेकांच्या निकट येतात. श्रद्धेच्या विषयातही पुरावा मागावा, हा त्यांनी ठेवलेला धडा आहे.

वार्धक्य आणि आजार यांनी गांजल्यावर धर्मानंद सेवाग्रामास गेले. तेथे अन्नत्याग करून जून १९४७ मध्ये त्यांनी देह ठेवला. तो मार्ग आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे आदर्श म्हणून ठेवीत नाही. त्यांच्या जगण्यातच शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

त्यानंतर नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भूमीवर लाखो लोकांनी बाबासाहेबांसमवेत धम्मदीक्षा घेतली. त्यांत आमच्या घरातील वडीलधारी मंडळीही होती. तो दिवस पाहण्यास धर्मानंद नव्हते. परंतु नव्याने बौद्ध झालेल्या समाजाने बुद्ध कोण, त्यांनी काय सांगितले, असे विचारले, तेव्हा मूळ पालीवरून लिहिलेले मराठी ग्रंथ आधीच तयार होते. कलकत्त्याचे अडीचशे रुपये नाकारून लिहावयास घेतलेले ते ग्रंथ होते.

आमचे माजी विद्यार्थी आज पुण्या-मुंबईत, परराज्यांत, परदेशांतही आहेत. कोणी अभियंता, कोणी परिचारिका, कोणी अधिकारी झाले आहेत. त्यांनी नोकऱ्या सोडाव्यात, असे आम्ही म्हणणार नाही. पोटापाण्याची किंमत आम्ही जाणतो. आमची विनंती एवढीच, की वर्षातून एखादा रविवार या फाटकातून पुन्हा आत यावे, मुलांसमोर बसावे आणि आपण कसे शिकलो, कोणाला भेटलो, कोठे अडखळलो, हे आपल्या भाषेत त्यांना सांगावे. मुले प्रश्न विचारतील. धर्मानंदांनी आयुष्यभर तेच केले होते.

नमो बुद्धाय. जयभीम.