सनद मिळाली, काम मिळेना!

साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजेच आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. वर्गात वेगळे बसावे लागणारा हाच विद्यार्थी १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाला. मायदेशी परतल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे सनदेपुरतेही पैसे नव्हते. मित्र नवल भथेना यांनी ते दिले आणि जुलै १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू झाली.

खरी कसोटी पुढेच होती. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जात नसे. सॉलिसिटरच्या पेढीने काम सोपविले, तरच बॅरिस्टरला उभे राहता येई. अस्पृश्य मानलेल्या बॅरिस्टरला काम देण्यास या पेढ्या राजी नव्हत्या. विद्वत्तेत उणीव नव्हती. आड आली ती जात. त्यामुळे बाबासाहेबांनी अपील शाखा निवडली. गोरगरिबांचे खटले चालविले. प्रपंचासाठी १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदाही शिकविला.

१९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात त्यांनी केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आदींची बाजू अपिलात मांडली आणि ते सुटले. वकील म्हणून त्यांचे नाव झाले.

१९२८ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक आणि १९३५ मध्ये प्राचार्य झाले. ज्या व्यवसायाने त्यांना दारातच अडविले, त्यात येणाऱ्या नव्या पिढीला घडविण्याची जबाबदारी अखेर त्यांच्याकडेच आली.