सोबतीचे हात

मुलांनो, अहिल्यानगर शहराला पूर्वी अहमदनगर म्हणत. तेथील किल्ला आणि शूर चांदबीबी तुम्हांला ठाऊक असतील. याच शहरात सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन बाई मुलींना शिकवीत. त्यांच्याकडे शिक्षिकेचे शिक्षण घ्यायला एक तरुणी आली. तिचे नाव सावित्रीबाई फुले.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. नवव्या वर्षी जोतीरावांशी त्यांचे लग्न झाले. जोतीरावांनी त्यांना लिहावाचायला शिकवले. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. लोक त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकीत. पुढे सासरचे घरही सोडावे लागले.

एवढे मोठे काम सावित्रीबाईंनी एकटीने केले असेल का? नाही. शाळेला जागा दिली ती तात्याराव भिडे या ब्राह्मण गृहस्थांनी. मांग समाजातील लहुजी साळवे आणि महार समाजातील राणबा हे घरोघर जाऊन मुलांना शाळेत आणीत. घर सुटले तेव्हा उस्मान शेख या मुसलमान मित्राने आसरा दिला. फातिमा शेख तर शाळेच्या कामात त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या.

१८५६ साली सावित्रीबाई आजारी पडल्या आणि माहेरी नायगावला गेल्या. शाळा बंद पडली का? नाही. तेथून १० ऑक्टोबरला त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्यामागे फातिमाला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशी खात्री त्यांनी त्यात व्यक्त केली. पाहा, केवढा हा विश्वास!

१८७३ साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. कोणत्याही जातिधर्माच्या माणसाला त्याचे सभासद होता येई. १८७७ च्या दुष्काळात सावित्रीबाई समाजाच्या कार्यकर्त्यांबरोबर जुन्नर भागात भुकेल्यांसाठी राबल्या. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. दलित वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले. त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, मोबदला न घेता लोकांसाठी झटणाऱ्याला स्वयंसेवक म्हणतात. तुम्ही जिला खिदमत म्हणता, तीच ही सेवा. उद्या शाळेच्या किंवा मोहल्ल्याच्या सफाईसाठी तुम्ही गट कराल. तेव्हा आपल्याच ओळखीची मुले घेऊन थांबू नका. कोणाला बोलवायचे राहिले आहे, ते आधी पाहा. कोण जाणे, तुम्ही आजारी पडाल त्या दिवशी तेच हात तुमचे काम पुढे नेतील!