निराधारांच्या माथ्यावरचे छत्र : राजर्षी शाहू महाराज



मदीनेतील मशिदे नबवीत खजुराच्या झावळ्यांनी शाकारलेली एक जागा होती. तिला सुफ्फा म्हणत. ज्यांना घर नव्हते, शहरात कोणी नातलग नव्हते, जे केवळ ईमान घेऊन रिकाम्या हातांनी आले होते, असे सहाबा तेथे राहत. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे सदक्याचे अन्न आले की ते त्यांच्याकडे पाठविले जाई. हजरत अबू हुरैरा (र.) याच छपराखाली उपाशीपोटी दिवस काढून ज्ञानाचे सागर झाले. बेघराला निवारा आणि त्याच निवाऱ्यात विद्या, ही सुफ्फाची रीत होती. ही रीत मनात ठेवून आज एका राजाचे चरित्र वाचू या.

तुम्ही विचाराल, इस्लामी शिकवणीच्या मासिकात करवीरच्या हिंदू राजाचे चरित्र कशासाठी? याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा मुस्लिमांची पहिली तुकडी हबशाच्या राजाकडे आश्रयाला गेली. तो ख्रिस्ती होता. पण त्याच्या राज्यात कोणावर अन्याय होत नाही, एवढी ओळख पुरेशी ठरली. त्याचे उपकार उम्मत आजही आदराने स्मरते. माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचेही आभार मानत नाही, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण मुलांना देतो. मग वारणेच्या दक्षिण तीरावर राहणाऱ्या, म्हणजे एके काळी करवीर संस्थानची प्रजा असलेल्या आपल्यासारख्यांनी शाहू महाराजांचे ऋण विसरणे शोभणारे नाही.

पोरकेपण आणि राज्यपद

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. आई राधाबाई वारल्या तेव्हा ते जेमतेम तीन वर्षांचे होते. १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतले आणि ते कोल्हापूरचे छत्रपती झाले. पुढे दोनच वर्षांत वडील जयसिंगराव यांचेही निधन झाले. राजवाडा मिळाला, पण बारा वर्षांच्या आत आई-वडिलांचे छत्र हरपले. राजकोट व धारवाड येथे शिक्षण पूर्ण करून २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली, तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते.

दोनच वर्षांनी दुष्काळ आला. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच प्लेगची साथ पसरली आणि १८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. तरुण राजा वाड्यात बसून राहिला नाही. गावोगाव फिरून त्याने परिस्थिती डोळ्यांनी पाहिली. स्वस्त धान्याची दुकाने उघडली, शेतकऱ्यांना तगाई दिली, मजुरांसाठी कामे काढली. ज्यांच्या अंगी काम करण्याचेही बळ नव्हते, अशा निराधारांसाठी आश्रयस्थाने सुरू केली. मजूर स्त्रिया कामावर जात तेव्हा त्यांच्या तान्ह्या मुलांना सांभाळण्यासाठी शिशुगृहेही काढली. मदत देताना देणाऱ्याची सोय न पाहता घेणाऱ्याची अडचण पाहणे म्हणजे काय, ते या शिशुगृहांतून समजते.

छपराखालची विद्या

दुष्काळातला निवारा तात्पुरता असतो. महाराजांना पिढ्या तारणारा निवारा हवा होता. खेड्यातील मुलाला कोल्हापुरात शिकायचे तर राहायचे कोठे आणि जेवायचे काय, हा पहिला प्रश्न असे. फी माफ करूनही तो सुटत नव्हता. सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह चालविण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला. बहुजनांची मुले तेथे टिकली नाहीत. महाराज खचले नाहीत. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. पुढे लिंगायत समाजासाठी आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी वसतिगृह झाले. इतर समाज स्वतः पुढे येऊन वसतिगृहे मागू लागले.

आपला समाज मात्र मागे होता. तो पुढे येण्याची वाट पाहत महाराज थांबले नाहीत. प्रथम त्यांनी काही मुस्लिम विद्यार्थ्यांची सोय मराठा बोर्डिंगमध्येच केली. नंतर १९०६ मध्ये मुस्लिम समाजातील प्रतिष्ठितांना बोलावून शिक्षणसंस्था स्थापन करविली आणि तिचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले. जागा दिली, इमारतीसाठी मदत दिली. कोल्हापूरच्या दसरा चौकात ते मुस्लिम बोर्डिंग आजही उभे आहे. एवढेच नव्हे, मराठी बोलणाऱ्या मुस्लिमांना आपला धर्मग्रंथ आपल्या भाषेत समजावा म्हणून कुरआनच्या मराठी भाषांतरासाठीही त्यांनी खर्चाची तरतूद केली. मदरशात अरबी आणि महाविद्यालयात मराठी शिकलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट आठवली की मान आपोआप लवते.

ज्यांना गाव नव्हते त्यांच्यासाठी

सर्वांत कठीण काम पुढेच होते. फासेपारध्यांना ना गाव होते, ना घर. ब्रिटिश कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. पोट भरण्याचा मार्ग नाही म्हणून चोरी, चोरी केली म्हणून मार, आणि मार चुकविण्यासाठी पुन्हा रानोमाळ भटकंती, असे त्यांचे जीवन होते. महाराजांनी त्यांना बोलावून घेतले, राहण्यास निवारा दिला, संस्थानच्या कामांवर रोजगार दिला आणि पहाऱ्याची जबाबदारीही सोपविली. ज्यांच्यापासून लोक घरे राखत, त्यांच्याच हाती राखण दिली. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या लोकांना रोज द्यावी लागणारी हजेरी त्यांनी १९१८ मध्ये बंद केली. छप्पर देताना माणसाची अब्रूही दिली पाहिजे, हे त्यांनी जाणले होते.

नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा १९०२ चा आदेश आणि सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा १९१७ चा निर्णय सर्वश्रुत आहेत. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

आपल्या दारातला प्रश्न

वाचकहो, चरित्र येथे संपते. आपला हिशेब येथे सुरू होतो. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास वारणेच्या खोऱ्यात ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. मराठवाड्यातून आलेली ही कुटुंबे मोकळ्या रानात खोपी घालून राहतात. वर पाचट, खाली ओलसर जमीन. पहाटेच्या अंधारात आई-बाप फडात जातात आणि शाळेच्या वयाची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन खोपीपाशी बसते. फज्रच्या नमाजला जाताना आपण त्यांच्या चुलींचा धूर पाहतो आणि पुढे जातो. मीही कित्येक हंगाम तसाच पुढे गेलो, हे कबूल केले पाहिजे. मिंबरवरून सुफ्फाचे वर्णन करणाऱ्याला समोरची पाचटाची खोपी दिसू नये, याहून मोठी लाज कोणती?

सूरह माऊनमध्ये नमाज पढणाऱ्यांनाच इशारा आहे. अनाथाला लोटणारा, गरिबाला जेवू घालण्याची प्रेरणा न देणारा आणि शेजाऱ्याला लहानसहान वस्तूही नाकारणारा माणूस धर्माच्या गाभ्यापासून दूर असतो, असा तिचा आशय आहे. त्या शेजाऱ्याचा धर्म तेथे विचारलेला नाही.

आपल्याजवळ संस्थान नाही. पण जमात आहे, सदका आहे, मगरिब ते इशापर्यंतचा रिकामा वेळ आहे. हंगामाच्या चार-पाच महिन्यांत त्या मुलांना रोज तासभर अक्षरे शिकविणे, थंडीत घोंगड्या पोहोचविणे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, एवढे कोणतीही मशीद कमिटी करू शकते. पण जाताना उपकारकर्ते म्हणून जाऊ नका, शेजारी म्हणून जा. आणि दिलेल्याची छायाचित्रे काढू नका.

अल्लाह आपल्याला उपकार जाणणारे अंतःकरण आणि निराधारांसाठी उघडे राहणारे दार देवो. आमीन.