वाकड्या कण्याचा ताठ माणूस

सेकंड इयरला ए.सी. सर्किट्सची गणितं सोडवताना आपण 'जे' लिहून मोकळे होतो. उत्तर जुळलं की झालं! पण ही पद्धत इंजिनिअरांच्या हाती देणारा माणूस जेमतेम चार फूट उंचीचा होता आणि त्याच्या पाठीला जन्मापासून कुबड होतं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? त्याचं नाव चार्ल्स स्टाईनमेट्झ.

९ एप्रिल १८६५ रोजी तो ब्रेस्लाऊ इथे जन्मला. हे शहर तेव्हा प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. वाकडा कणा आणि कमरेचा सदोष सांधा हा त्याच्या घराण्याचाच वारसा. आजोबांची पाठ तशीच, वडिलांचीही तशीच. तो वर्षाचा असताना आई गेली आणि आजीने त्याला वाढवलं. आज वाढत्या वयात कणा वाकू लागला तर डॉक्टर एक्स-रे काढतात, गरज पडल्यास ब्रेस देतात. दिवसातले कित्येक तास तो शर्टाच्या आत बांधून वावरायचं म्हणजे वैतागच, पण बाक वाढायला आळा बसू शकतो. एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये, तेव्हा स्टाईनमेट्झ तिशीचा झाला होता.

गणितात मात्र गडी अफाट हुशार. कॉलेजात त्याला 'प्रोटिअस' हे टोपणनाव पडलं. ग्रीक पुराणातला हा रूपं बदलणारा समुद्रदेव. पुढे समाजवादी चळवळीमुळे पोलीस मागे लागले आणि १८८८ मध्ये हातातोंडाशी आलेली डॉक्टरेट सोडून त्याला झुरिचला पळावं लागलं. १८८९ मध्ये तो न्यूयॉर्क बंदरात उतरला, तर त्याचं शरीर पाहून अधिकारी त्याला परत पाठवायला निघाले. सोबतच्या मित्राने हमी दिली म्हणून निभावलं. अमेरिकेत त्याने 'प्रोटिअस' हे आपल्या नावातच घालून टाकलं.

तीनच वर्षांत, १८९२ मध्ये, त्याने हिस्टेरेसिसचा नियम मांडला. तोवर मोटार आधी बनवायची आणि ती किती तापते ते मग बघायचं, असा कारभार होता. आता लोखंडातला लॉस कागदावरच काढता येऊ लागला. १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत त्याने कॉम्प्लेक्स नंबरची पद्धत मांडली आणि किचकट डिफरन्शियल इक्वेशन्सच्या जागी साधं बीजगणित आलं. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत तो मोठ्या पदावर पोचला. १९०२ पासून युनियन कॉलेजात शिकवूही लागला. सुट्टीत नदीवर होडीत आडवी फळी टाकायची, तेच टेबल, आणि तिथेच गणितं करत बसायचं!

पण एक गणित त्याने फार आधी सोडवून ठेवलं होतं. आपली पाठ पुढच्या पिढीला द्यायची नाही, म्हणून लग्न करायचं नाही. मुलांची प्रचंड आवड असलेल्या माणसाने हे ठरवणं सोपं नव्हतं. आपल्या मोठ्या घरात तो एकटाच राहायचा.

मग प्रयोगशाळेतला त्याचा तरुण मदतनीस जोसेफ हेडन याचं लग्न झालं. स्टाईनमेट्झने नवराबायकोला आपल्याच घरी राहायला बोलावलं. सूनबाईंनी अट घातली, की काम कितीही असो, जेवायला वेळेवर यायचं. महाशयांनी निमूटपणे मान्य केली! पुढे त्याने हेडनला कायद्याने दत्तक घेतलं. हेडनला तीन मुलं झाली आणि स्टाईनमेट्झ आजोबा झाला. रक्ताचं नातं नव्हतं, पण नातवंडं मात्र अंगाखांद्यावर खेळत होती.

२६ ऑक्टोबर १९२३ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, तो गेला. दोनशेच्या वर पेटंट्स मागे होती आणि आजोबा म्हणणारी तीन मुलंही.

आपल्या हॉस्टेलमध्येही कुणी वेगळा चालतो, कुणी शर्टाखाली पट्टा बांधून लेक्चरला बसतो. त्याला दयेची गरज नसते. मेसच्या टेबलावर शेजारची जागा दिली तरी पुरे.