अल-ख्वारिज्मी आणि अल्गॉल

संगणकाला काम सांगण्यासाठी खास भाषा असतात. त्यांपैकी एका जुन्या भाषेच्या नावात बाराशे वर्षांपूर्वीचे एक गणितज्ञ लपलेले आहेत. भाषा अल्गॉल आणि गणितज्ञ मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी.

त्यांचा जन्म इ. स. ७८० च्या सुमारास झाला. नावावरून त्यांचे घराणे ख्वारिज्म प्रांतातले असावे. अरल समुद्राच्या दक्षिणेचा हा भाग आज उझबेकिस्तान आणि तुर्कमेनिस्तानात येतो. खलिफा अल-मामून यांच्या काळात ते बगदादच्या बैतुल-हिकमतमध्ये काम करत. तेव्हा बगदादमध्ये ग्रीक, फारसी आणि संस्कृत ग्रंथांतील ज्ञान अरबीत आणले जात होते. त्यांनी खगोलशास्त्राची कोष्टके आणि भूगोलाचा ग्रंथही लिहिला.

त्यांची खरी कीर्ती झाली ती अल-जब्र वल-मुकाबला या विषयावरील ग्रंथामुळे. तो इ. स. ८२० च्या सुमाराचा आहे. वारसांत मालमत्ता वाटणे, व्यापार करणे, जमीन मोजणे, कालवे खणणे अशा रोजच्या कामांसाठी त्यांनी तो लिहिला. उर्दूत आपण ज्याला अलजबरा म्हणतो आणि मराठीत बीजगणित, त्याचे हे मूळ नाव. त्या ग्रंथात चिन्हे नाहीत, सारे शब्दांत आहे. एक उदाहरण पाहा. एका संख्येच्या वर्गात त्याच संख्येची दहापट मिळवली, की ३९ येतात. ती संख्या कोणती? दहाचे निम्मे ५. पाचाचा वर्ग २५. तो ३९ मध्ये मिळवा, ६४ झाले. त्याचे वर्गमूळ ८. त्यातून ५ वजा करा. उत्तर ३. वहीत ताळा करून पाहा.

दुसरा ग्रंथ हिंदुस्थानी अंकांवर होता. नऊ अंक आणि शून्य यांनी हिशेब कसा करावा, हे त्यात सांगितले होते. मूळ अरबी प्रत हरवली, पण लॅटिन भाषांतर उरले. त्यात लेखकाचे नाव अल्गोरिझ्मी असे झाले होते. युरोपातील लोक त्या हिशेबाच्या रीतीलाच हे नाव देऊ लागले. पुढे हा माणूस होता हेच ते विसरले. काहींना तर तो कोणी राजा वाटला! मला विचाराल तर हे नाव तेव्हा चुकीचेच होते. ती विद्या हिंदुस्थानची होती आणि अल-ख्वारिज्मींनी स्वतः ते लपवले नव्हते.

१९५८ साली झुरिक शहरात युरोप व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी एक नवी संगणकभाषा आखली. तिचे पहिले नाव होते इंटरनॅशनल अल्जिब्राइक लँग्वेज. नंतर ते बदलून अल्गोरिदमिक लँग्वेज, म्हणजेच अल्गॉल, असे झाले. गंमत अशी, की पहिल्या नावातील शब्द अल-ख्वारिज्मींच्या ग्रंथावरून आला आणि दुसऱ्यातील त्यांच्या स्वतःच्या नावावरून!

हे नाव त्या भाषेला शोभते का? जुना अर्थ घेतला तर नाही. तो दहा अंकांचा हिशेब होता, आणि आजचा संगणक आतून ० आणि १ या दोनच अंकांवर चालतो. पण वरचे ३९ चे उदाहरण पुन्हा वाचा. आधी हे करा, मग ते करा, अंदाजाला कुठेच जागा नाही. संगणकाला सूचना अशाच द्याव्या लागतात. अंकांच्या ग्रंथामुळे पडलेले नाव बीजगणिताच्या ग्रंथामुळे खरे ठरले.

अल्गॉल आता क्वचितच कोणी वापरते. तिच्या वळणावर पास्कल आणि सी या भाषा घडल्या. पास्कलला दुसऱ्या एका गणितज्ञाचे नाव मिळाले. सी ला मात्र एका अक्षरावरच भागवावे लागले.