र. धों. कर्वे : विचारणाऱ्याला दोष न देता उत्तर देणारे प्राध्यापक

पाळी चुकली आहे किंवा गर्भनिरोधकाबद्दल विचारायचं आहे, पण लग्न झालेलं नाही. अशा वेळी दवाखान्यात जायला तुम्हाला भीती वाटते का? बहुतेकांना भीती तपासणीची नसते. डॉक्टर आणि नर्स काय म्हणतील याची असते. शंभर वर्षांपूर्वी हीच अडचण ओळखणाऱ्या एका माणसाची आज ओळख करून घेऊ.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म 1882 चा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. ते नऊ वर्षांचे असताना त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. पुढे रघुनाथराव मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. ते डॉक्टर नव्हते, तरीही 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्या सोबत होत्या. या कामापायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली.

1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं आणि 1953 मध्ये मृत्यू होईपर्यंत चालवलं. लोक ज्या शंका घरात किंवा डॉक्टरांकडे बोलू शकत नव्हते, त्या या मासिकाला लिहून कळवत. कर्वे त्यांना सरळ, शास्त्रीय उत्तर देत. नको असलेली गर्भधारणा आणि गुप्तरोग टाळणं हा त्यांच्या दृष्टीने आरोग्याचा प्रश्न होता, पापपुण्याचा नव्हता. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. कर्वे खटला हरले आणि त्यांना दंड झाला, पण उत्तरं देणं त्यांनी थांबवलं नाही.

यातून आम्हा डॉक्टरांनी काय घ्यायचं? पाळीची तारीख, शरीरसंबंध आला आहे का, कोणती औषधं चालू आहेत, हे आम्हाला विचारावंच लागतं. त्यावर उपचार ठरतो. लग्न झालं आहे की नाही, यावर तो सहसा ठरत नाही. उपदेश ऐकावा लागेल म्हणून मुलगी उशिरा येते किंवा मनाने गोळ्या घेते, आणि धोका तिथेच वाढतो.

तुम्ही हे लक्षात ठेवा:

• तातडीची गर्भनिरोधक गोळी संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची असते. जितकी लवकर घ्याल, तितका उपयोग जास्त.

• 2021 च्या कायदादुरुस्तीनुसार गर्भनिरोधक फसल्याच्या कारणासाठी विवाहाची अट उरलेली नाही. 20 ते 24 आठवड्यांच्या गर्भपाताच्या तरतुदीतून अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दिला.

• वय 18 पूर्ण असेल तर गर्भपातासाठी फक्त तुमची संमती लागते. तुमची ओळख गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

• वय 18 पेक्षा कमी असेल तर पालकांची संमती लागते आणि पोलिसांना कळवण्याचा नियम आहे. तरीही उपचार टाळू नका. विश्वासातल्या मोठ्या व्यक्तीला सोबत घेऊन या.

एखाद्या ठिकाणी तुम्हाला अपमानास्पद वागणूक मिळाली, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. पण गर्भपाताच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. तुमचा प्रश्न आरोग्याचा आहे आणि त्याचं नीट उत्तर देणं हे आमचं काम आहे.