विश्लेषण : समुद्री टाकीतल्या रेतीचे रहस्य उलगडणारे विनोग्राद्स्की कोण होते?

आमगावपासून मुंबईचा समुद्र रेल्वेने सुमारे हजार किलोमीटरवर. इथे कुणाला घरात प्रवाळांची टाकी ठेवायची हौस आली, तर समुद्राचे पाणी बादलीने आणता येणार नाही. ते विकतच्या मिश्रणातून घरीच तयार करावे लागते. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या टाकीला ७ किलो. हे स्वयंपाकाचे मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे बरेच काही असते आणि ते स्वस्त नसते. त्यामुळे पाणी सारखे बदलत बसण्यापेक्षा टाकीनेच स्वतःचे पाणी शक्य तितके स्वच्छ राखावे, असा प्रयत्न असतो. त्यासाठी जगभरचे हौशी लोक टाकीच्या तळाशी रेतीचा थर अंथरतात. पाहणाऱ्याला ती सजावट वाटते. पण ही रेती काम करते, आणि ते काम कोण करते याचा छडा सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी सर्गेई विनोग्राद्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने लावला.

टाकीतले मासे मरतात कशाने?

नवी टाकी भरली, मासे सोडले, दोन आठवड्यांत एकेक करून मेले. हा अनुभव नवख्यांना हमखास येतो. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असते, म्हणून दोष माशांना किंवा दुकानदाराला दिला जातो. खरे कारण अमोनिया. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजते, माशांच्या कल्ल्यांतूनही अमोनिया बाहेर पडतो आणि अगदी थोड्या प्रमाणातही तो घातक असतो. नदीत किंवा समुद्रात तो साठत नाही, कारण काही जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारी. नायट्रेट माशांना बराचसा सोसतो. पण तो वाढत गेला की शेवाळ माजते आणि प्रवाळ कोमेजू लागतात.

रेतीच्या वरच्या, प्राणवायू मिळणाऱ्या थरात पहिले दोन टप्पे पार पडतात. खालच्या, प्राणवायू न पोहोचणाऱ्या थरात वेगळे जीवाणू नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायुरूपात बुडबुड्यांनी निघून जातो. त्याहून खाली, फार घाण साचली तर हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याच्या वासाचा हा वायू एकदम सुटला तर टाकी एका रात्रीत रिकामी होऊ शकते. गंधक, नायट्रोजन आणि प्राणवायूविना जगणारे जीवाणू या तिन्ही विषयांना विनोग्राद्स्की यांनी आयुष्यात हात घातला आणि तिन्हींत मूलभूत शोध लावले.

पियानो सोडून चिखलाकडे

त्यांचा जन्म १८५६ मध्ये कीव्ह शहरात झाला. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते. घर सधन. तरुणपणी त्यांनी कायद्याचा अभ्यास सुरू केला, तो रुचला नाही. मग निसर्गविज्ञान घेतले, तिथेही मन लागेना. पुढे ते सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात गेले आणि थिओडोर लेशेटित्स्की या नामवंत गुरूंकडे पियानो शिकू लागले. तेही सोडले. १८७७ मध्ये ते पुन्हा विज्ञानाकडे वळले, या वेळी कायमचे. आजच्या पालकांनी अशा मुलाबद्दल काय म्हटले असते, ते सांगायला नको.

१८८५ मध्ये ते स्ट्रासबर्गला अँटन द बारी या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. तिथे त्यांनी निवडला बेजिआटोआ. गंधकाचे झरे, दलदली आणि समुद्रतळाचा काळा गाळ यांवर पांढऱ्या धाग्यांची जाळी धरणारा हा जीवाणू. त्याच्या पेशींत गंधकाचे चमकदार कण दिसतात, हे ठाऊक होते. ते तिथे कशासाठी असतात, हे ठाऊक नव्हते. विनोग्राद्स्की यांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या थेंबातच हे धागे वाढवले. हायड्रोजन सल्फाइड मिळाले की कण वाढत. ते तोडले की कण हळूहळू नाहीसे होत, आणि मग धागाच मरे. गंधकाचे सल्फेट होत होते आणि त्यातून निघणाऱ्या ऊर्जेवर जीवाणू जगत होता.

१८८७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. तोवर जगण्याचे दोनच मार्ग मानले जात : वनस्पतींप्रमाणे सूर्यप्रकाशावर किंवा इतरांप्रमाणे तयार सेंद्रिय अन्नावर. निर्जीव खनिज ‘जाळून’ जगणारा जीव ही तिसरीच तऱ्हा होती. आज तिला रसायनसंश्लेषण म्हणतात.

उपाशी ठेवले म्हणून सापडले

अमोनियाचे नायट्रेट होणे ही सजीवांची करामत आहे, हे १८७७ मध्येच दोन फ्रेंच संशोधकांनी दाखवले होते. श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी काचेच्या लांब नळीत रेती आणि चुनखडी भरून तीतून सांडपाणी झिरपवले. पहिले सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. मग अमोनिया जाऊन नायट्रेट येऊ लागला. क्लोरोफॉर्म सोडताच प्रक्रिया थांबली. आजची टाकीतली रेती ही त्या नळीचीच आडवी आवृत्ती म्हणता येईल. ते वीस दिवसही ध्यानात ठेवण्यासारखे आहेत.

पण हे काम करणारा जीव कुणाला वेगळा काढता येईना. इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात वर्षानुवर्षे झटत होते. गंमत अशी की, त्याच नावाच्या त्यांच्या वडिलांनी, रसायनशास्त्रज्ञ वॉरिंग्टन यांनी, १८५० मध्ये मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा समतोल साधणारी टाकी जगापुढे मांडली होती. आधुनिक मत्स्यालयाच्या आरंभात तिची गणना होते. वडिलांनी श्रेय वनस्पती आणि गोगलगायींना दिले. तळातल्या ज्या अदृश्य कामगारांचा विचार त्या हिशेबात नव्हता, त्यांच्याच मागे मुलगा लागला होता. दोन टप्पे आणि दोन वेगळे जीव, इथवर तो पोहोचलाही; पण जीव हाती आले नाहीत.

ते हाती आले विनोग्राद्स्की यांच्या. द बारी यांच्या निधनानंतर १८८८ मध्ये ते झुरिचला गेले होते. जीवाणू वाढवायचे तर त्यांना मांसाचा रस, जिलेटिन असे सकस अन्न द्यायचे, ही त्या काळची रीत. त्या मेजवानीवर भलतेच जीवाणू फोफावत आणि हवे ते मागे पडत. विनोग्राद्स्की यांनी उलटे केले. स्वच्छ पाणी, थोडी खनिजे, अमोनियाचा क्षार आणि मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड, एवढेच. इतर सगळे उपाशी मेले. खनिजावर जगणारे टिकले.

१८९० मध्ये त्यांनी जे नोंदवले, ते टाकी ठेवणाऱ्याने मुद्दाम वाचण्यासारखे आहे. बाटलीतले पाणी जवळजवळ नितळ होते. जीवाणू होते ते तळाला बसलेल्या कार्बोनेटच्या कणांना चिकटून. प्रवाळांच्या टाकीत वापरतात ती अॅरागोनाइटची पांढरी रेतीही कार्बोनेटचीच, कॅल्शियमची. म्हणूनच टाकीतले निम्मे पाणी बदलले तरी जीवाणू फारसे जात नाहीत, आणि सगळी रेती नळाखाली धुऊन काढली की मात्र टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

पुढे सेंद्रिय अंश नसलेल्या सिलिका जेलवर त्यांनी हे जीवाणू वेगळे काढले आणि १८९२ मध्ये त्यांना नायट्रोसोमोनास व नायट्रोबॅक्टर अशी नावे दिली. पहिला अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा त्याचे नायट्रेट. दोघेही संथ. पोटातले नेहमीचे जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. यांना अनेक तास, कधी दिवसाहून जास्त लागतो. नव्या टाकीला चार-सहा आठवडे थांबा, असे जे सांगतात त्याचे कारण हेच आहे.

कीर्ती, जमीनदारी आणि परागंदा होणे

लुई पाश्चर यांचा निरोप घेऊन एली मेच्निकॉफ स्वतः त्यांना पॅरिसला बोलवायला गेले. विनोग्राद्स्की यांनी नकार दिला आणि १८९१ मध्ये मायदेशी, सेंट पीटर्सबर्गच्या नव्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत ते रुजू झाले. इव्हान पाव्हलोव्ह तिथेच काम करत. तिथे त्यांनी प्राणवायूविना राहून हवेतला नायट्रोजन पकडणारा जीवाणू शोधला आणि त्याला पाश्चर यांचे नाव दिले.

पुढे प्रकृतीने साथ सोडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते संशोधनातून निवृत्त होऊन युक्रेनमधल्या आपल्या जमिनीवर राहू लागले. जवळजवळ पंधरा वर्षे त्यांनी शेती, जंगल आणि संगीत यांत घालवली. ती तशीच संपली असती तर आज त्यांचे नाव एखाद्या तळटीपेत राहिले असते. पण क्रांती झाली, मालमत्ता गेली, देश सोडावा लागला. काही काळ ते बेलग्रेडला शिकवत होते. १९२२ मध्ये, पासष्टी ओलांडलेल्या या माणसाला पाश्चर इन्स्टिट्यूटचे एमिल रू यांनी पुन्हा बोलावले. तीस वर्षांपूर्वी नाकारलेले निमंत्रण या वेळी त्यांनी स्वीकारले.

पॅरिसजवळच्या ब्री-कोम्त-रोबेर या गावी त्यांना प्रयोगशाळा मिळाली. तिथे त्यांनी आग्रह धरला की जीवाणू बाटलीत नव्हे, मातीत कसे वागतात ते पाहिले पाहिजे. मुलगी हेलेन यांनीही या कामात साथ दिली. आयुष्यभराच्या संशोधनाचा ८०० हून अधिक पानांचा ग्रंथ १९४९ मध्ये आला, तेव्हा ते नव्वदी पार केलेले होते.

बोडीतला चिखल आणि टाकीतली रेती

त्यांच्या नावाचा एक प्रयोग जगभर शाळांतून होतो : विनोग्राद्स्की स्तंभ. काचेच्या उंच बरणीत तळ्याचा चिखल, कागदाचे कपटे, थोडे जिप्सम किंवा अंड्याचा बलक घालायचा, वर पाणी ओतून बरणी उजेडात ठेवायची. काही आठवड्यांत तळ काळा होतो, त्यावर हिरवे-जांभळे पट्टे उमटतात, वर तपकिरी. आमगाव-सालेकसा भागात यासाठी कुठे जायला नको. घराजवळच्या बोडीचा किंवा मामा तलावाचा चिखल पुरतो.

धानाच्या बांधीतही हेच थर असतात. पाणी साचलेल्या चिखलात वर तयार झालेला नायट्रेट खाली उतरतो आणि वायू होऊन उडतो. रोवणीनंतर वरून फेकलेल्या युरियाचा मोठा वाटा अशा वाटांनी वाया जातो. शेतकऱ्याचे ज्यात नुकसान, तेच प्रवाळवाल्याला हवे असते.

आता टाकीपुरते. एक-दोन इंचांच्या थरात वरची प्रक्रिया चालते, नायट्रेट काढण्याचे काम जेमतेम. त्यासाठी चार इंच किंवा त्याहून जाड थर लागतो, साखरेच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून बारीक रेतीचा, आणि त्याचा गुण दिसायला महिने जातात. हा जाड थर खालपर्यंत उकरू नये. वरचा भाग बारीक किडे आणि गोगलगायी हलवत राहतील एवढे पुरे. खाद्य जास्त पडले, पाणी फिरेनासे झाले की थर कोंदतो. म्हणून बरेच अनुभवी लोक पातळ थर किंवा उघडा तळच पसंत करतात. छोट्या टाकीत, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात वीज जाण्याची धास्ती असेल तर, मलाही त्यांचे म्हणणे पटते.

वाघ नदीची रेती यासाठी चालेल का? ती गारेची, जड आणि खारे पाणी सांभाळायला निरुपयोगी. जीवाणू तिच्यावरही बसतील, पण कार्बोनेटचा आधार मिळणार नाही. मालवणहून प्रवाळाचा तुकडा उचलून आणण्याचा विचार तर करूच नये. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

त्यांच्यानंतर काय सापडले?

विनोग्राद्स्की १९५३ च्या फेब्रुवारीत, ९६ व्या वर्षी ब्री येथे वारले. अमोनिया खाणारे जीव म्हणजे त्यांनी शोधलेलेच, अशी समजूत पुढेही बराच काळ राहिली. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सिअॅटल मत्स्यालयाच्या उष्णकटिबंधीय समुद्री टाकीतून शास्त्रज्ञांनी एक सूक्ष्मजीव वाढवून दाखवला. तो अमोनियावर जगतो, पण जीवाणू नाही. तो आर्किया या निराळ्याच कुळातला निघाला. महासागरात त्याचे भाईबंद प्रचंड संख्येने आहेत. २०१५ मध्ये अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचे दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारा जीवाणूही सापडला. दोन संशोधक गटांनी तो एकाच सुमारास जाहीर केला. त्यातल्या एका गटाला तो मिळाला होता मत्स्यपालनाच्या टाकीला जोडलेल्या गाळणीत.